जुन्या सिनेमाच्या पोस्टरवर त्या आडव्या-उभ्या रेघा का असतात?

इन्स्टाग्रामवर जुन्या सिनेमांची पोस्टरं टाकणारी बरीच पेजेस आहेत. ‘दीवार’, ‘शोले’, ‘अमर अकबर अँथनी’, अधूनमधून दादा कोंडके. फोटो झूम करून बघा. पोस्टरच्या बरोबर मधून एक उभी रेघ गेलेली असते आणि तीन आडव्या. कधी ती रेघ हीरोच्या नाकावरून जाते, कधी हिरॉईनच्या कपाळाचे दोन भाग करते. आणि खाली एक कमेंट हमखास असते: “इतकं भारी पोस्टर, कुणी दुमडून वाट लावली?”

तर कुणीही वाट लावलेली नाही. ते पोस्टर दुमडूनच थिएटरपर्यंत जायचं. आज जी जुनी पोस्टरं शिल्लक आहेत, त्यातली बरीचशी शिल्लक आहेत तीच मुळात घडी घातलेली होती म्हणून.

हे मला कळलं ते एक पोस्टर फाडल्यावर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला माझं आजोळ आहे. आनंदवनामुळे हे गाव बहुतेकांना माहीत असतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मामाकडे लोखंडी पेटी रिकामी करताना तळाशी घडी घातलेला एक जाड गठ्ठा निघाला. वरची बाजू कोरी आणि पिवळी पडलेली, आत रंग. आजोबांचे एक मित्र टॉकीजमध्ये डोअरकीपर होते, त्यांच्याकडून कधीतरी आलेला. मी अति उत्साहात तो तिथल्या तिथे उघडला. पापड मोडावा तसा आवाज आला आणि जिथे उभी आणि आडवी घडी एकमेकींना छेदतात तिथले तुकडे फरशीवर पडले. उरलेल्यावर इस्त्री फिरवावी असं माझ्या डोक्यात आलं होतं. मामीने अडवलं. “साडी आहे का वं ते? जळन ना!”

मामीचं बरोबर होतं. का, ते पुढे येईलच.

घडी नेमकी कशी असायची?

घरात मोठा कागद असेल तर करून बघा. कागद उभा धरा. वरची अर्धी बाजू खालच्या अर्ध्यावर आणा. तेच पुन्हा एकदा करा. आता हातात एक आडवी पट्टी आहे. ती डावीकडून उजवीकडे मधोमध दुमडा. उघडून पाहिलंत तर तीन आडव्या रेघा, एक उभी रेघ आणि आठ चौकोन दिसतील. जगभरातल्या जुन्या पोस्टरांवर सगळ्यात जास्त दिसणारी घडी हीच.

अमेरिकेत पोस्टरचं नेहमीचं माप २७ बाय ४१ इंच होतं. त्याला ‘वन शीट’ म्हणतात. आठ चौकोनांची घडी घातली की ते साधारण साडेतेरा बाय सव्वादहा इंचांचं होतं, म्हणजे एखाद्या मोठ्या पाकिटात सहज मावेल असं. आपल्याकडे हिंदी-मराठी सिनेमाचं सर्वसाधारण पोस्टर ३० बाय ४० इंचांचं. त्याची अशीच घडी घातली तर १५ बाय १० इंचांचा चपटा गठ्ठा होतो. काही पोस्टरं एका कागदावर न छापता २० बाय ३० च्या दोन तुकड्यांत छापली जायची आणि भिंतीवर जोडली जायची. त्याहून मोठी असतील तर ‘सिक्स शीटर’ आणि ‘ट्वेंटी-फोर शीटर’. ती अर्थातच अनेक तुकड्यांची असायची आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी घडी.

छापील बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर, असा साधारण रिवाज. प्रवासात मळायचं ते मागच्या बाजूने मळू दे, चित्र सुरक्षित राहू दे. अमेरिकेत तर बाहेर राहणाऱ्या या कोऱ्या बाजूवर सिनेमाचं नाव शिक्क्याने उमटवलेलं असायचं. त्यामुळे गठ्ठा न उघडताच गोदामातल्या माणसाला हवं ते पोस्टर सापडायचं. फाईलच्या कण्यावर आपण नाव लिहितो ना, तसंच.

लॉबी कार्ड मात्र दुमडायचे नाहीत. ते जाड कार्डावर छापलेले, थिएटरच्या काचेच्या पेटीत लावायचे असायचे.

पण गुंडाळी का नाही करायची?

हा प्रश्न पडणं साहजिक आहे, कारण आज आपण पोस्टर मागवलं की ते पुठ्ठ्याच्या नळीत येतं.

त्यासाठी पोस्टर प्रवास कसा करायचं ते बघावं लागेल. वरोऱ्याचंच उदाहरण घेऊ. सिनेमा तयार व्हायचा मुंबईत. पण मुंबईचा निर्माता काही वरोऱ्याच्या टॉकीजवाल्याला थेट सिनेमा विकायचा नाही. देश वेगवेगळ्या ‘सर्किट’मध्ये वाटलेला होता आणि प्रत्येक सर्किटचे वितरक वेगळे. विदर्भाच्या सर्किटचं नाव ‘सीपी-बेरार’, म्हणजे इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत आणि वऱ्हाड. हा प्रांत नकाशावरून जाऊन सत्तर वर्षं उलटून गेली. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण सिनेमाच्या धंद्यात सीपी-बेरार अजून जिवंत आहे. कुठल्याही मोठ्या सिनेमाचे बॉक्स ऑफिसचे आकडे सर्किटनिहाय बघा. सीपी-बेरार, निझाम, म्हैसूर अशी नावं आजही त्यात दिसतात. निझाम जाऊन किती वर्षं झाली ते सांगायला नको.

या भागातल्या वितरणाची मोठी केंद्रं होती अमरावती, नागपूर आणि भुसावळ. भुसावळ ऐकून नवल वाटेल, पण सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही वितरकांची संघटना भुसावळचीच. रेल्वेचा नकाशा समोर ठेवला की नवल कमी होतं. मुंबईहून निघालेला मार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूरला जातो. बडनेऱ्याहून अमरावती अगदी जवळ. आणि वर्ध्याहून खाली वरोऱ्याकडे येणारा फाटा कोळशासाठी एकोणिसाव्या शतकातच टाकलेला होता. जिथून माल सहज पुढे जाईल तिथे वितरक बसले.

या मार्गाने गावात येणारी गोष्ट म्हणजे ‘पेटी’. सिनेमाची रिळं गोल डब्यांत आणि ते डबे लोखंडी पेटीत. तीन तासांच्या हिंदी सिनेमाची पंधरा-सोळा रिळं सहज व्हायची. सिनेमाचा धंदा सगळा या पेटीवर. पेटी वेळेवर आली तर शो, नाहीतर तिकिटाचे पैसे परत. या पेटीबरोबर प्रसिद्धीचं साहित्य यायचं: पोस्टरं, फोटो, कधी गाण्यांची पुस्तिका.

आता कल्पना करा, पन्नास पोस्टरं गुंडाळून पाठवायची आहेत. तीस इंच लांब नळकांडी लागणार. ती पार्सलच्या डब्यात कुठे तरी खालच्या थरात जाणार, वर कुणी धान्याचं पोतं टाकणार आणि नळकांडी चपटी होणार. वाकडीतिकडी चुरगळलेली पोस्टरं पोचण्यापेक्षा सरळ रेषेत दुमडलेली पोचलेली बरी. पंधरा बाय दहाचा गठ्ठा सुतळीने बांधला, पेटीच्या शेजारी ठेवला, काम झालं. एसटीच्या टपावर टाकला तरी चालतो. सायकलच्या कॅरिअरला लावला तरी चालतो.

अमेरिकेतही कारण हेच. तिथे नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाच्या कंपनीने १९४० पासून मोठमोठ्या स्टुडिओंची पोस्टरं छापून देशभर पोचवायचं काम हातात घेतलं. पोस्टर छापलं की यंत्रावरच घडी. प्रत्येक सिनेमाला एक क्रमांक, त्यात आधी वर्ष आणि मग अनुक्रम. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या पोस्टरवर ७७/२१ असा क्रमांक आहे. जुन्या पोस्टरचं वय ठरवायला संग्राहक आजही हा आकडा बघतात.

भिंतीवर रेघा दिसायच्या नाहीत का?

इथे खरी गंमत आहे. नाही दिसायच्या.

पोस्टर लावणारा माणूस शिडी, ब्रश आणि खळीची बादली घेऊन निघायचा. खळ मैद्याची. काही जण त्यात थोडं मोरचूद टाकायचे, म्हणजे किडे लागत नाहीत. आधी भिंतीला खळ, मग पोस्टरच्या पाठीला खळ, मग पोस्टर भिंतीला आणि वरून पुन्हा एक हात. खळीतल्या पाण्याने कागद भिजला की त्याचे तंतू सैल पडतात आणि घडी जवळजवळ नाहीशी होते. वाळताना कागद भिंतीला घट्ट बसतो. रस्त्याच्या पलीकडून बघणाऱ्याला सलग चित्र दिसतं.

म्हणजे घडी हा दोष आहे असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. ती पाकिटासारखी होती, वापरताना जाणारी.

पण त्या पोस्टरचं आयुष्यही तेवढंच. पुढच्या शुक्रवारी त्यावर दुसरं पोस्टर. मग पाऊस, मग बकऱ्या. (बकऱ्या खळीसाठी पोस्टर खातात. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.) भिंतीवर चिकटलेलं पोस्टर सुटं करून कुणी घरी नेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग आज संग्राहकांकडे, लिलावात, संग्रहालयात जी पोस्टरं आहेत ती कुठली? जी लागलीच नाहीत ती. जास्तीची आलेली, सिनेमा तीन दिवसांत उतरला म्हणून उरलेली, वितरकाच्या गोदामात पडून राहिलेली, डोअरकीपरने घरी नेऊन पेटीच्या तळाला अंथरलेली, वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला ठेवलेली आणि विसरलेली. त्या रेघांकडे बघताना हे लक्षात ठेवा. ज्या पोस्टरने आपलं काम केलं ते गेलं.

आपल्या सगळ्यात जुन्या पोस्टरांच्या बाबतीत तर हिशेब आणखी वाईट आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याची म्हणून जी जाहिरात सगळीकडे फिरते ती नुसत्या अक्षरांची आहे, चित्र नाही. चित्रांचं पोस्टर म्हटलं की कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं नाव येतं. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) चं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वात जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक मानलं जातं. त्या काळात शेकड्याने मूकपट निघाले. त्यांच्या पोस्टरांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आपल्याला माहीत आहेत.

पुढच्या काळात मराठी माणसांनी या कामात मोठी नावं केली. कोल्हापूरचेच जी. कांबळे. शिवाजी महाराजांचं जे चित्र सरकारी कार्यालयात दिसतं, ते त्यांचं. सिनेमाच्या पोस्टर-बॅनरचं कामही त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आणि दिवाकर करकरे, ज्यांनी ‘दीवार’ आणि ‘अमर अकबर अँथनी’ची पोस्टरं केली. रंगांचे ते जाड फटकारे आठवतात? ते त्यांचे. या कलाकारांची मूळ रंगवलेली चित्रं बऱ्याचदा काम झाल्यावर कुणी जपलीच नाहीत. म्हणजे दुमडलेला छापील कागद हाच त्या चित्राचा उरलेला पुरावा.

घडी कधी बंद झाली?

अमेरिकेत १९८० च्या दशकात. कागद जाड आणि चकचकीत झाला, त्यावर घडी मोडली की पांढरी चीर दिसते. थिएटरमध्ये मागून दिवा असलेल्या चौकटी आल्या, त्यात रेघ लगेच उठून दिसते. पोस्टर नळीतून जायला लागलं.

आपल्याकडे घडी त्यानंतरही बराच काळ चालली, कारण आपली पोस्टरं काचेमागे नाही, भिंतीवर लागत होती. तिला खरा धक्का दिला फ्लेक्सने. २००० नंतर गावोगावी डिजिटल प्रिंटिंगची दुकानं झाली. मग २००५ च्या आसपासपासून सिनेमा उपग्रहावरून थिएटरमध्ये उतरायला लागला आणि पेटीच बंद झाली. पेटी गेली तसा तिच्याबरोबरचा गठ्ठाही गेला.

आमच्या भागात कागदी पोस्टर अजून दिसतं ते नाटकाचं. जिल्ह्याच्या पूर्वेला आणि गडचिरोलीत झाडीपट्टी रंगभूमी आहे. धान कापून झालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो, नाटक रात्रभर चालतं आणि कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा. याच रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या नाटकांची भडक रंगांची पोस्टरं पानठेल्यांवर, एसटी थांब्यांवर दिसतात आणि हंगाम संपला की दिसत नाहीत. सिनेमाच्या पोस्टरांचं जे झालं ते यांचंही होणार, असं मला वाटतं. वडशाकडे जाणं झालं तर न लागलेलं एखादं मागून आणा.

बनावट कसं ओळखायचं?

मुंबईच्या चोर बाजारात आणि ऑनलाइन ‘ओरिजिनल’ म्हणून जे विकलं जातं त्यात नंतर छापलेल्या नकला भरपूर असतात. १९७५ चं पोस्टर आहे आणि एकही घडी नाही, तर आधी शंका घ्या. असं पोस्टर असूच शकत नाही असं नाही. छापखान्यातून किंवा गोदामातून सपाट बाहेर पडलेली काही असतात आणि त्यांना जास्त भाव मिळतो. पण म्हणूनच नकलाही तशाच केल्या जातात.

आणखी एक गंमत म्हणजे छापलेली घडी. कुणीतरी खऱ्या पोस्टरचा फोटो काढतो, त्यावरून नक्कल छापतो आणि मूळ पोस्टरच्या रेघाही चित्रात येतात. डोळ्याला घडी दिसते, बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. पाठ उलटून बघा. खरी घडी पाठीमागेही असते. ऑनलाइन घेत असाल तर पाठीचा फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जा.

शिवाय आपल्याकडे गाजलेले सिनेमे पुन्हा पुन्हा प्रदर्शित व्हायचे आणि दर वेळी पोस्टरं नव्याने छापली जायची. ती खोटी नाहीत, पण पहिल्या प्रदर्शनाचीही नाहीत. भाव तिथे बदलतो.

तुमच्या घरी सापडलं तर?

आता माझ्या चुकीकडे येऊ. स्वस्त पोस्टरचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यात आम्ल तयार होत राहतं, त्याने कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. घडीवर तंतू आधीच मोडलेले असतात आणि जिथे दोन घड्या छेदतात तिथे दुहेरी मोडलेले. पहिलं भोक तिथेच पडतं. त्यात आमच्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जाणारा. हवेत ओल नाही, कागदात ओल नाही. अशा कागदाला वाकायला सांगितलं की तो तुटतो.

म्हणून मे महिन्यात उघडू नका. पावसाळ्यात हवा दमट असताना कागद थोडा नरम पडतो, तेव्हा उघडा. त्यावर पाणी मात्र शिंपडायचं नाही. सपाट टेबलावर, खाली मोठा स्वच्छ कागद घेऊन, एका वेळी एकच घडी. ती अडत असेल तर थांबा, दुसऱ्या दिवशी बघा. उघडलं की आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे काहीही झालं तरी तेवढं राहील.

इस्त्री नको, हे मामीने सांगितलंच आहे. उष्णतेने कागद आणखी सुकतो आणि शाई चमकते किंवा चिकटते. सेलोटेप नको, काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको. लॅमिनेट केलेलं पोस्टर पुन्हा मोकळं करता येत नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने ते संपलं. ठिसूळ पोस्टरची गुंडाळीही करू नका, जुन्या घड्यांवर ताण येऊन ती तिथेच चिरतात. सपाट ठेवायला जागा असेल तर सपाट, नसेल तर जुन्याच घड्यांवर परत दुमडा. नवी घडी म्हणजे नवी जखम. वाळवी आणि कसर यांच्यासाठी वर्षातून दोनदा बघत जा.

फार फाटलं असेल तर जाणकाराकडून पाठीला आधार देता येतो. त्याला ‘लिनन बॅकिंग’ म्हणतात. आधी पातळ, चिवट कागद, मागे कापड आणि चिकटवायला पिठाचीच खळ, कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. तलाठ्याकडचे कापडावर चिकटवलेले जुने गावनकाशे पाहिले असतील तर कल्पना येईल. खर्च बराच येतो, सगळ्यांसाठी करण्यासारखा नाही.

आणि ठेवायचंच नसेल तर रद्दीत देऊ नका. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. रिळांबरोबर पोस्टरं, फोटो, गाण्यांच्या पुस्तिकाही तिथे जपल्या जातात. आधी फोटो पाठवून विचारा. द्यायचं असो वा ठेवायचं, पोस्टर कुणाकडून आलं, कुठल्या टॉकीजचं, साधारण कुठल्या वर्षी, हे एका वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून सोबत ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं असेल तर आत्ताच विचारा. मी विचारेपर्यंत आजोबाही नव्हते आणि त्यांचे मित्रही.

वरोऱ्याचं पोस्टर आता दोन पुठ्ठ्यांमध्ये, सुती कापडात गुंडाळून मामाच्या कपाटावर आहे. पडलेले तुकडे लिफाफ्यात घालून त्याच्यासोबत ठेवलेत. मधल्या घडीवरचा एक तुकडा सापडला नाही. सिनेमाच्या नावाची दोन अक्षरं नेमकी त्यावर होती.